अटॅकनंतर मन खचतं तेव्हा: दुकानाच्या काउंटरवर मला विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात माझं औषधाचं दुकान आहे. सकाळची गर्दी ओसरली, बाराचं ऊन तापलं की रस्ता रिकामा होतो आणि तेव्हा लोक थांबून विचारतात. स्टेंट बसवलेल्या नवऱ्याची चिठ्ठी घेऊन आलेली बायको, बायपास झालेल्या आईचा मुलगा, कधी पेशंट स्वतः. सुरुवात गोळीपासून होते आणि दोन मिनिटांत गाडी मनावर येते. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत. माझ्या वडिलांना, अण्णांना, अटॅक येऊन गेला आणि त्यानंतरचे चार महिने आमच्या घराने जे पाहिलं ते इतर कुणाला न कळता पाहावं लागू नये, म्हणून लिहिते आहे. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. कोणतीही गोळी सुरू करणं, थांबवणं किंवा डोस बदलणं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करायचं.

एवढा मोठा अटॅक येऊन गेला, माणूस उदास होणारच की ओ. त्यात औषध कसलं?

पहिले काही दिवस उदास होतंच. दचकून जाग येते, बारीकसारीक गोष्टीला डोळ्यांत पाणी येतं, पायऱ्या चढायची भीती वाटते. बहुतेकांचं हे दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. पण अटॅक येऊन दाखल झालेल्या दर पाच माणसांत साधारण एकाला खरं डिप्रेशन असतं. ते सुट्टी मिळून घरी आल्यावर आपोआप जात नाही, उलट मुरत जातं. त्यापेक्षा सौम्य त्रास तर आणखी कितीतरी जणांना असतो.

‘साहजिक आहे’ म्हणून आपण सोडून देतो, तिथेच चूक होते. जखम चिघळली की ताप येणंही साहजिकच असतं, म्हणून तो कुणी अंगावर काढत नाही.

नुसतं वाईट वाटणं आणि डिप्रेशन यांतला फरक घरच्यांनी ओळखायचा कसा?

दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, खचलेलं, हताश वाटतंय का? आणि पूर्वी ज्यात रस वाटायचा त्यात आता काहीच गोडी वाटत नाही, असं झालंय का? अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्ये हृदयरोग्यांना हेच दोन प्रश्न विचारायचा सल्ला दिला. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर नऊ प्रश्नांचा एक तक्ता भरून घेतात. त्याचे गुण २७ पैकी मोजतात आणि १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांनी नीट तपासायला हवं.

आपल्याकडे अडचण अशी की पुरुषमाणूस ‘मी उदास आहे’ म्हणत नाही. तो म्हणतो, छाती जड वाटते, अंगात त्राण नाही, तोंडाला चव नाही. किंवा काहीच न बोलता चिडचिड करतो. अण्णा आयुष्यभर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात राबले. पहाटे उठून कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा पिणं हा त्यांचा साठ वर्षांचा नेम. अटॅकनंतर महिन्याभराने रिपोर्ट चांगले आले, डॉक्टर म्हणाले, फिरायला जा. ते चहालासुद्धा जाईनात. ताटातली कडक भाकरी चुरायचे आणि तशीच ठेवायचे. मित्र भेटायला आले की डोळे मिटून पडून राहायचे. आम्ही म्हणायचो, अशक्तपणा आहे.

खरी गोष्ट मला गोळ्यांच्या पाकिटांनी सांगितली. मी दिवसभर लोकांना विचारते, ‘संपल्या का गोळ्या?’ आणि माझ्याच घरी उशाखाली तीन पाकिटं तशीच्या तशी निघाली. स्टेंट बसल्यावर रक्त पातळ करणारी गोळी अशी मध्येच सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन ती जिवावर बेतू शकते. हे मी इतरांना रोज सांगत होते. अण्णांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘कशाला उगीच गं.’ हे ‘कशाला’ ऐकू आलं की अशक्तपणा समजून गप्प बसू नका.

थकवा, झोपमोड, भूक मंदावणं ही लक्षणं हृदयाच्या आजारातही असतात, हे खरं. म्हणून शरीराच्या तक्रारींपेक्षा माणसाची ओढ बघा. नातवंडं समोर आल्यावर चेहरा उजळतो का? सामना लागला तर बघावासा वाटतो का? हृदय दुबळं असलेला माणूस दमतो, पण त्याला हवंसं वाटत असतं. डिप्रेशन आलेल्याचं हवंसं वाटणंच थांबतं.

मन आणि हृदय वेगवेगळं. एकाचा दुसऱ्याशी संबंध काय?

आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक आहे. कुणी गेल्यावर मागच्याने ‘हाय खाल्ली’ म्हणतो, वाईट बातमीने ‘काळजाचं पाणी झालं’ म्हणतो. वैद्यकाने ते मोजलं १९९३ साली. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये अटॅक आलेल्या २२२ रुग्णांचा सहा महिने मागोवा घेतला. ज्यांना डिप्रेशन होतं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कित्येक पटींनी जास्त निघालं. पुढे अनेक देशांतले अभ्यास एकत्र केल्यावर हा धोका साधारण दुपटीचा असल्याचं दिसलं. २०१४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने अशा रुग्णांसाठी डिप्रेशनला धोक्याचा घटक मानावं अशी शिफारस केली.

कारणं दोन बाजूंनी येतात. शरीराच्या बाजूने पाहिलं तर डिप्रेशनमध्ये रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स, गुठळी करणाऱ्या बारीक पेशी) जास्त चिकट होतात, ताणाची संप्रेरकं चढी राहतात, अंगात बारीक दाह चालू राहतो आणि गरजेप्रमाणे ठोके कमी-जास्त करण्याची हृदयाची लवचीकता घटते. वागण्याच्या बाजूने तर डोळ्यांना दिसतं: गोळ्या चुकतात, चालणं बंद होतं, सोडलेली तंबाखू पुन्हा हातात येते, तपासणीची तारीख टळते. माझ्या काउंटरवरून मला ही दुसरी बाजूच जास्त दिसते.

मग डिप्रेशनवर उपचार केले की पुढचा अटॅक टळतो का?

याचं उत्तर खरं द्यायला हवं. खात्रीने ‘हो’ म्हणता येत नाही.

अमेरिकेत २,४८१ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २००३ मध्ये आले. एका गटाला बोलण्याचे उपचार आणि गरज पडेल त्यांना गोळ्या दिल्या, दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार. मन थोडं सुधारलं, पण मृत्यू किंवा दुसऱ्या अटॅकचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच राहिलं. २०१८ मध्ये दक्षिण कोरियातल्या ३०० रुग्णांचा अभ्यास आला. अटॅक किंवा तसाच तीव्र त्रास झालेल्यांना सहा महिने एस्सिटॅलोप्राम ही डिप्रेशनची गोळी दिली आणि पुढे सुमारे आठ वर्षं लक्ष ठेवलं. गोळी घेणाऱ्यांत हृदयाच्या गंभीर घटना ४०.९ टक्के, नुसती साखरेची गोळी (म्हणजे आत औषध नसलेली, तुलनेपुरती दिलेली) घेणाऱ्यांत ५३.६ टक्के. आशा वाटावी असा आकडा आहे, पण एका अभ्यासावर पैज लावू नये.

माझं मत विचाराल तर हा प्रश्नच जरा बाजूला ठेवा. गुडघा दुखत असेल तर आपण ‘याने आयुष्य किती वाढेल’ असं विचारत नाही, दुखणं थांबवतो. मन बरं झालं की माणूस जेवतो, बोलतो, उठून चालायला लागतो, स्वतःच्या गोळ्या स्वतः घेतो. उपचार करायला एवढं कारण पुरेसं आहे.

ताई, ही बीपीची गोळी सुरू झाल्यापासूनच त्यांचं मन लागत नाही. गोळीनंच झालं असेल का?

बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या हातात मेटोप्रोलॉलचं पाकीट असतं. या गटातल्या (बीटा-ब्लॉकर, ठोके आणि बीपी कमी करणाऱ्या) गोळ्यांनी डिप्रेशन येतं हा समज फार जुना आहे, डॉक्टरांमध्येही तो होता. नंतर अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र तपासले तेव्हा तसा ठोस पुरावा मिळाला नाही. थोडा थकवा येतो, काहींना विचित्र स्वप्नं पडतात, झोप मोडते, एवढं खरं. त्रास होत असेल तर डॉक्टर गोळी बदलू शकतात. पण मनाने बंद करू नका. ती एकदम सोडली तर ठोके उसळतात आणि छातीत दुखू शकतं.

हृदयाच्या पेशंटला डिप्रेशनची कोणती गोळी चालते?

सर्वांत जास्त अनुभव सर्ट्रालिनचा आहे. २००२ मध्ये सात देशांतल्या ३६९ रुग्णांवर तिची चाचणी झाली. सगळे नुकताच अटॅक आलेले किंवा अस्थिर अंजायनाचे, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत अचानक दुखू लागलेले. हृदयाच्या कामावर तिचा वाईट परिणाम दिसला नाही, आणि ज्यांचं डिप्रेशन जास्त तीव्र किंवा आधीपासूनचं होतं त्यांना फायदा अधिक झाला. एस्सिटॅलोप्रामही बरंच दिलं जातं. त्याच जातीच्या सिटॅलोप्रामबाबत मात्र जपावं लागतं. जास्त डोसने ईसीजीतलं क्यूटी नावाचं अंतर लांबतं आणि ठोके बिघडू शकतात. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम आणि साठीपुढच्यांना २० मिलिग्रॅम घातली आहे. एस्सिटॅलोप्राम देतानाही काही डॉक्टर आधी ईसीजी बघतात. तो खर्च उगीच लावला असं समजू नका.

भूक आणि झोप दोन्ही गेलेल्या, वाळत चाललेल्या माणसाला कधी मिर्टाझापीन देतात. त्याने भूक लागते, पण वजनही वाढतं.

ज्यांच्यापासून लांब राहायचं त्यांत अमिट्रिप्टिलीन आणि इमिप्रामीन या जुन्या गोळ्या येतात. त्या हृदयातल्या विजेच्या वहनात अडथळा आणतात, उभं राहिल्यावर बीपी खाली आणतात. अमिट्रिप्टिलीन तर डोकेदुखीला, हातापायांच्या मुंग्यांना, साखरेच्या पेशंटच्या आगीआगीला सर्रास लिहिली जाते. त्यामुळे वेगळ्या कारणाने वेगळ्या दवाखान्यातून ती घरात येते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. व्हेन्लाफॅक्सीनने बीपी वाढू शकतं, ती चालू असेल तर बीपी नियमित मोजा.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. त्यांच्याबरोबर मनाची गोळी चालेल?

चालते, पण डोळे उघडे ठेवून. माझ्या कामात मला सगळ्यांत जास्त काळजी या प्रश्नाची वाटते, म्हणून सविस्तर सांगते.

सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम, फ्लुऑक्सेटीन या गटातल्या गोळ्या बिंबिकांची गुठळी करण्याची ताकद थोडी कमी करतात. त्यात ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल आधीच असतात, त्यामुळे पोटातून रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. आणि मग आजोबांचा गुडघा दुखतो म्हणून कुणीतरी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून देतं. धोका तिथे सर्वांत वाढतो. शिवाय या दुखण्यावरच्या गोळ्या हृदयरोग्याला एरवीही चांगल्या नाहीत. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल मागा. शौचाला डांबरासारखं काळं झालं, हिरड्यांतून रक्त थांबेना, अंगावर काळेनिळे डाग यायला लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पोटाच्या रक्षणासाठी गोळी लागतेच, पण क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोलपेक्षा पँटोप्राझोल बरी.

दुसरी गोष्ट यकृताची. क्लोपिडोग्रेल जशी गिळली तशी काम करत नाही, यकृतात तिचं रूप बदलतं आणि मग ती कामाला लागते. फ्लुऑक्सेटीन आणि फ्लूव्हॉक्सामीन हे बदलणंच अडवतात. स्टेंट असलेल्या माणसाला हे परवडणारं नाही. उलट मेटोप्रोलॉल यकृतात मोडून बाहेर जाते. फ्लुऑक्सेटीन किंवा पॅरॉक्सेटीन सोबत असेल तर ती मोडत नाही, रक्तात साचते, ठोके फार मंदावतात, चक्कर येते. वॉरफरीन घेणाऱ्यांनी नवी गोळी सुरू झाली की रक्ताची तपासणी लवकर करून घ्यावी.

यावर माझ्याकडे एकच उपाय आहे आणि तो मी गिऱ्हाइकांच्या मागे लागून करून घेते. एका कागदावर घरातल्या सगळ्या गोळ्या लिहा: हृदयाच्या, साखरेच्या, मनाच्या, गुडघ्याच्या, आयुर्वेदिक चूर्ण आणि काढासुद्धा. हा कागद हृदयाच्या डॉक्टरांनाही दाखवा आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांनाही. दोन दवाखान्यांत दोन वेगळ्या फायली असतात, एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिलेलीच नसते. कागद शर्टाच्या खिशात ठेवा, घरी भिंतीला नको.

उन्हाळ्यात काही वेगळं जपायचं का?

हो. हा प्रश्न लोक फार कमी विचारतात, पण सोलापूरच्या चैत्र-वैशाखात तो विचारायलाच हवा. पारा चाळिशीच्या पुढे गेला की घामाने मीठ जातं. लघवीची गोळी चालू असते, तिनेही जातं. मनाच्या गोळीने, विशेषतः वयस्क माणसांत, रक्तातलं सोडियम आणखी उतरू शकतं. मग माणूस असंबद्ध बोलतो, तोल जातो, दिवसभर गुंगीत राहतो आणि घरच्यांना वाटतं डिप्रेशन वाढलं. रक्तातलं सोडियम तपासलं की समजतं. आपणहून मीठ-साखरेचं पाणी पाजत बसू नका. हृदय दुबळं असलेल्याला पाणी-मीठ किती द्यायचं हे डॉक्टरच ठरवतात.

आठ दिवस झाले, काहीच फरक नाही. बंद करू का?

नको. या गोळ्यांचा त्रास आधी जाणवतो आणि गुण नंतर. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकं जड, पोट बिघडणं, थोडी बेचैनी होते. मनात उजाडायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. बरं वाटल्यावरही निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवतात, आणि बंद करताना डोस हळूहळू उतरवतात. मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं ते दहाव्या दिवशी उरलेलं पाकीट परत करायला आलेल्या माणसाचं. बरं व्हायच्या दाराशी येऊन तो मागे फिरलेला असतो.

सवय तर लागणार नाही ना? ही झोपेचीच गोळी ना?

नाही. सर्ट्रालिनसारख्या गोळीने नशा येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. अचानक सोडली तर काही दिवस चक्कर, झिणझिण्या, चिडचिड होते, म्हणून हळूहळू सोडायची.

सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची. त्या विक्रीची मला वेगळी नोंद ठेवावी लागते ती उगीच नाही. त्या भीती आणि झोपेला तात्पुरता आराम देतात, डिप्रेशन बरं करत नाहीत. अटॅकनंतर थोडे दिवस लिहून दिलेली अशी गोळी लोक वर्षानुवर्षं जुन्या चिठ्ठीवर मागत राहतात. वय झालेला माणूस रात्री लघवीला उठतो, तिच्या गुंगीत पडतो, मांडीचं हाड मोडतं. जुन्या चिठ्ठीवर मी ती देत नाही. त्यावरून काही लोकांनी माझ्या दुकानात येणं सोडलं, पण मी ते बदललेलं नाही.

हार्ट फेल्युअर असलेल्यांनाही याच गोळ्या?

इथे, म्हणजे हृदयाचं पंपिंग दुबळं झालेल्यांत, गोळ्यांचा हात आखडलेला आहे. सर्ट्रालिनची २०१० मध्ये आणि एस्सिटॅलोप्रामची २०१६ मध्ये अशा रुग्णांत चाचणी झाली, दोन्ही वेळा साखरेच्या गोळीपेक्षा त्या सरस ठरल्या नाहीत. काही रुग्णांत डॉक्टर तरीही देऊन बघतात. पण बोलण्याचे उपचार, झेपेल इतकी हालचाल आणि हृदयाच्या मूळ औषधांचा नीट मेळ यांवर जास्त भर द्यावा लागतो.

गोळीशिवाय काही होईल का?

सौम्य त्रासात पुष्कळ होतं. तीव्र असेल तर गोळी आणि हे, दोन्ही.

बोलण्याच्या उपचारात समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ आठवड्याला एकदा भेटतात. ‘मी आता कुचकामी झालो’, ‘जिना चढलो की मरणार’ असे मनात घट्ट बसलेले विचार पकडून ते खरे किती हे तपासायला शिकवतात. दिवसाची छोटी छोटी कामंही ठरवून देतात. मन लागेल तेव्हा उठू असं म्हटलं तर उठणं होत नाही. आधी उठायचं, मन मागून येतं.

आणि चालणं. २०१२ मध्ये छापून आलेल्या एका अमेरिकी चाचणीत १०१ हृदयरोग्यांपैकी काहींना व्यायाम, काहींना सर्ट्रालिन, काहींना साखरेची गोळी दिली. व्यायाम आणि सर्ट्रालिन दोघांनीही डिप्रेशन साखरेच्या गोळीपेक्षा जास्त उतरवलं. आपल्याकडे जागा आहेत: कंबर तलाव, सिद्धेश्वर तलावाचा परिसर, पार्क स्टेडियम. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत घरी परतलेलं बरं. किती चालायचं हे टू-डी इको बघून डॉक्टरांनी सांगितल्यावरच ठरवा. बायपास झाली असेल तर छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर वजन उचलायचं नाही, पण सपाट रस्त्यावर सावकाश चालणं बहुतेकांना सांगतातच. पहिल्या दिवसांत सोबत कुणीतरी असू द्या. एकट्याने चालताना प्रत्येक ठोका मोजला जातो.

छातीत धडधडलं की ते म्हणतात परत अटॅक आला. खरं की भीती, कसं ओळखू?

घरी बसून ओळखायला जाऊ नका. छाती दाबल्यासारखी दुखते, दुखणं हात, जबडा किंवा पाठीत जातं, दरदरून घाम, दम लागणं, डोळ्यांपुढे अंधारी, यांतलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा. ईसीजी चांगला निघाला तर हसू नका आणि ‘उगीच धावपळ केली’ असं तर मुळीच म्हणू नका. पुढच्या वेळी खरा अटॅक असताना माणूस संकोचाने गप्प बसेल. दोन-तीनदा तपासून हृदय ठीक निघालं आणि तरी असे झटके येत असतील, तर ते भीतीचे झटके असू शकतात. त्यांवरही उपचार आहेत.

आमच्याकडे आईला हृदयाचा त्रास आहे. बायकांनाही असं होतं?

जास्त होतं, आणि कमी वयात अटॅक आलेल्या बायकांत तर फारच. पण विचारतं कोण? अटॅक आलेला पुरुष पलंगावर असतो, अटॅक आलेली बाई पंधराव्या दिवशी चुलीपुढे असते. विडी वळणाऱ्या कितीतरी बाया माझ्याकडे येतात. दिवसभर मान खाली, समोर सूप, हजाराचा आकडा पुरा करायचा. छातीत दुखलं तरी ‘पित्त असंल’ म्हणून पँटोप्राझोल मागतात. अशी बाई ‘काय की, जीव नकोसा झालाय बगा’ म्हणाली तर ती बोलायची रीत आहे असं समजून सोडू नका. माझ्याकडून पूर्वी तसं झालं आहे. आता मी स्टूल पुढे करते आणि बसवून वरचे दोन प्रश्न विचारते.

एक विचारायचं होतं... संबंध ठेवला तर चालतं का?

दुकानात दुसरं कुणी नसताना, आवाज खाली करून विचारलेला प्रश्न. विचारणाऱ्याला मी मनातून मान देते, कारण न विचारता लोक वर्षानुवर्षं वेगळ्या खोलीत झोपतात आणि त्यातूनही मन खचतं. तब्येत स्थिर असेल आणि दोन मजले न थांबता, छातीत न दुखता चढता येत असतील तर बहुतेकांना हरकत नसते. डॉक्टरांना विचारायला लाजू नका. डिप्रेशनने इच्छा कमी होते, आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही होते. तसं झालं तर सांगा, गोळी बदलता येते.

एक गोष्ट मात्र कधीही करायची नाही: छातीतल्या दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी चालू असताना, म्हणजे जिभेखालची सॉर्बिट्रेट वगैरे, सिल्डेनाफिल घेणं. बीपी इतकं कोसळतं की जीव जातो.

देवाचं काही केलं तर? घरात म्हणतात, बाहेरचं काहीतरी आहे.

सिद्धेश्वराला जा, अक्कलकोटला जा, पंढरीला जा. चार माणसांत मिसळणं, पहाटे उठणं, पायी चालणं, कुणापुढे तरी मनातलं बोलणं, हे सगळं मनाला बळ देतं. माझी स्वतःची श्रद्धा आहे. हरकत एवढ्यालाच आहे की अंगारा लावला म्हणून गोळी थांबवली किंवा उपास धरला म्हणून औषधं चुकवली. देवाने गोळी बंद कर असं कुणाला सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही. दोरे-गंड्यांत हजारो रुपये घालून माणूस हताश झाल्यावर माझ्याकडे येतो, तेव्हा त्याचे चार-सहा महिने वाया गेलेले असतात.

सोलापुरात दाखवायचं कुठे? आणि खर्च?

आधी तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना किंवा फिजिशियनना स्पष्ट सांगा. सौम्य त्रासात तेही उपचार सुरू करू शकतात. आम्हाला सुट्टी मिळाली तेव्हा तिखट-मीठ-तेल सगळं समजावलं, मनाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. दोष देण्यासाठी म्हणत नाही, गर्दीच तेवढी असते. म्हणून तुम्हीच विषय काढा.

सिव्हिलमध्ये, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचाराची ओपीडी आहे. केसपेपर काढून दाखवता येतं. जाताना डिस्चार्ज कार्ड, शेवटचा ईसीजी आणि तो गोळ्यांचा कागद न्या. ‘तिकडे वेड्यांना नेतात’ म्हणून पाय अडखळत असेल तर एकदा रांग बघून या. शिक्षक, हमाल, यंत्रमागावरचे कामगार, कॉलेजातली मुलं, सगळे असतात.

गावाहून येणं जमत नसेल तर टेलिमानसला फोन करा, नंबर १४४१६. केंद्र सरकारने ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केली. फुकट आहे, दिवसरात्र चालते. आपल्या शहराला सोयीचं म्हणजे मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही बोलता येतं. पूर्व भागातल्या आजीला जे मराठीत सांगता येत नाही ते तेलुगूत सांगता येईल.

सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम जनऔषधी दुकानांत बऱ्याच स्वस्त मिळतात. औषध तेच, पाकीट वेगळं. विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शरीराच्या आजारासारखंच मनाच्या आजारालाही संरक्षण द्यायला विमा कंपन्यांना सांगितलं आहे, तेव्हा दाखल व्हायची वेळ आली तर विचारा.

घरच्यांनी काय बोलावं, काय बोलू नये?

‘धीर धर’, ‘तुला काय कमी आहे’, ‘इतरांकडे बघ’ हे बोलू नका. ऐकणाऱ्याला त्यातून एकच कळतं, की आपण नीट उदास व्हायलाही लायक नाही. सारखं ‘बसा, उठू नका, मी करते’ हेही नको. आमच्या घरी आईने प्रेमापोटी अण्णांच्या हातातलं सगळं काम काढून घेतलं, पाण्याचा तांब्यासुद्धा. त्यांना वाटलं, आपण आता घरातलं सामान झालो. शेंगा निवडणं, नातवाला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडणं, लाइटबिल भरणं, अशी झेपणारी कामं त्यांची त्यांना परत द्या. गोळ्या मात्र पहिले काही महिने घरच्या कुणीतरी समोर बसून द्याव्यात.

ते म्हणतात, मी गेलो तर सगळे सुटाल. हे किती मनावर घ्यायचं?

पूर्ण. सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, मनातलं ओझं बाहेर यायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाले तर एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्यांचा साठा आणि शेतावरची औषधं कुलपात ठेवा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, रात्र असेल तर सिव्हिलच्या अपघात विभागात. हृदयरोग्याच्या घरात हातभर अंतरावर अशा गोळ्या असतात, ज्या जास्त घेतल्या तर ठोकेच थांबतात. धोका वाटत असेल तेव्हा माझ्याकडून महिन्याच्या नेऊ नका, आठवड्याच्या न्या. मी तशा देते.

तुमच्या अण्णांचं पुढे काय झालं?

सर्ट्रालिन सुरू झालं. पहिले दहा दिवस त्यांना मळमळायचं आणि ते माझ्यावर रागवायचे. चौथ्या आठवड्यात एका सकाळी मी उठले तर त्यांची चप्पल दारात नव्हती. मी घाबरून कोपऱ्यापर्यंत धावले. ते हॉटेलात बसले होते, समोर अर्धा कप चहा, बिनसाखरेचा. पुढचे आठ महिने गोळी चालली, मग डॉक्टरांनी हळूहळू उतरवली. मधे एकदा पुन्हा खचले, तेव्हा स्वतःहून म्हणाले, ‘त्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ.’ आता संक्रांतीला ते सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज बघायला जातात. अडुसष्ट लिंगांना पूर्वीसारखे पायी फिरत नाहीत, एका ठिकाणी खुर्ची टाकून बसतात. मी गोळ्यांची डबी आणि पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभी असते.